अंगणात घडलेला अभ्यासक्रम

अभ्यासक्रम बदलणार अशी वार्ता आली की आपल्याकडे काही गोष्टी ठरल्याप्रमाणे घडतात. समित्या नेमल्या जातात, मसुदे प्रसिद्ध होतात, हरकती मागविल्या जातात, नवी पाठ्यपुस्तके छापून येतात आणि अखेरीस शिक्षकांची प्रशिक्षण शिबिरे भरतात. या साखळीत शिक्षकाचा क्रमांक शेवटचा असतो. ज्याने रोज मुलांसमोर उभे राहावयाचे, त्याला काय शिकवावयाचे हे सर्वांत उशिरा कळते. आणि ते का शिकवावयाचे, हे तर पुष्कळदा कळतच नाही.

काही महिन्यांपूर्वी अशाच एका शिबिरात मला व्याख्यानासाठी बोलाविले होते. व्याख्यान संपल्यावर डोंगराळ भागातील एका प्राथमिक शिक्षिकेने जो प्रश्न विचारला, तो माझ्या विषयाहून मोठा होता. त्यांच्या वर्गातील निम्मी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जातात. वजन-मापे आणि पैशांचा हिशेब हा भाग त्यांच्या नियोजनात वर्षाच्या उत्तरार्धात येत होता. त्यांनी तो दिवाळीपूर्वीच शिकविला, कारण उत्तरार्धात तो शिकावयास ही मुले वर्गात नसणार आणि भट्टीवर तर त्याचीच गरज पडणार. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी वर्गातील काम मासिक नियोजनाशी जुळत नाही, असा शेरा मारला. असे करण्याचा आपल्याला अधिकार होता की नव्हता, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे होते. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. घरी परतताना ताराबाई मोडक यांची आठवण झाली. त्या शिक्षिकेचा प्रश्न ताराबाईंनी आपल्या आयुष्यात पूर्वीच सोडविला होता, असे मला वाटू लागले.

ताराबाईंचे नाव आपण आदराने घेतो. बालशिक्षणाच्या प्रवर्तक, आदिवासींच्या सेविका, १९६२ च्या पद्मभूषण, इतके आपल्याला ठाऊक असते. परंतु वर्गातील एखाद्या व्यक्तीने अभ्यासक्रम बदलावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, याचा जो धडा त्यांच्या चरित्रात आहे, तिकडे फारसे लक्ष जात नाही.

राजकोटहून भावनगरला

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाच्या वर्तुळातील सुधारक. घरात मुलींच्या शिक्षणाला विरोध नव्हता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रियांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पदवीचे मोल कळते. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही आणि १९२१ च्या सुमारास त्यांना स्वतःचा मार्ग स्वतःच शोधावा लागला. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची प्रतिष्ठेची जागा त्यांना मिळाली. आपल्यापैकी बहुतेकांनी तेथेच निवृत्तीपर्यंत समाधान मानले असते.

ताराबाईंनी मात्र १९२३ मध्ये ती वाट सोडली आणि त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाचे शिक्षण कसे व्हावे या चिंतेतून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर काढले. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले होते. त्यांचे विचार भावनगरला पोहोचले होते. परंतु भावनगरने ते पोथीप्रमाणे स्वीकारले नाहीत. माँटेसरींच्या मूळ पद्धतीत कल्पित गोष्टींना फारसे स्थान नव्हते. गिजुभाईंनी लोककथा, गाणी आणि नाट्यप्रवेश बालमंदिरात आणले, कारण काठेवाडातील मूल गोष्टीत रमते हे ते रोज पाहत होते. परदेशातून आलेली मान्यवर पद्धतीसुद्धा आपल्या वर्गातील मुलांच्या कसोटीवर घासून घ्यावी लागते, हा पाठ ताराबाईंनी येथे घेतला.

दुसरी गोष्ट संघटनेची. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका गुजरातीत सुरू झाली. पुढे ती मराठीतही निघू लागली आणि मराठी पत्रिकेची धुरा ताराबाईंनी वाहिली. एका शाळेत केलेला प्रयोग त्या शाळेच्या भिंतींतच राहिला, तर तो शिक्षकाबरोबर संपतो. तो लिहिला गेला, छापला गेला आणि दुसऱ्या गावच्या शिक्षकाने तो वाचून पाहिला, तरच त्याला अभ्यासक्रमाचे रूप येऊ लागते. पत्रिका चालविणे हे त्या काळी अध्यापनाइतकेच महत्त्वाचे काम होते.

१९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. तेथे मुलांसाठी बालमंदिर होते आणि शिक्षिका तयार करण्याची सोयही होती. मुंबईतील मध्यमवर्गाला या शिक्षणाची गोडी लागली. नाव झाले, मान्यता मिळाली. हेही एक चांगले विश्रांतिस्थान होते.

पाड्यावरचा प्रश्न

१९४५ च्या अखेरीस, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. हा भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. याच वर्षी या परिसरातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. गवतकापणीच्या मजुरीवर आणि सावकाराच्या कर्जावर जगणारा हा समाज. त्याच्या मुलांसाठी बालवाडी काढावयाची, हे त्या वेळी अनेकांना चैनीचे काम वाटले असेल. ताराबाईंच्या सोबतीला अनुताई वाघ होत्या. पुण्याच्या हुजूरपागेत शिकविणाऱ्या, बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. पुढे १९९२ पर्यंत त्या याच कामात राहिल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण पाड्यांवरची मुले तिच्याकडे येईनात. येथे सामान्य व्यवस्था काय करते, हे आपण जाणतोच. पटनोंदणीची मोहीम निघते, पालकांच्या अज्ञानाबद्दल खंत व्यक्त होते, फार झाले तर सक्तीचा कायदा पुढे केला जातो. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा केलाही. ताराबाईंनी मात्र दोष मुलांकडे किंवा पालकांकडे दिला नाही. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जावे, असे ठरवून त्यांनी ती पाड्यावर, झोपड्यांसमोरच्या अंगणात भरविली. मुलांचे हातपाय धुणे, आंघोळ, केस विंचरणे येथून दिवस सुरू होई. मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दाराशी उभ्या राहून पाहत. स्वच्छतेचा पाठ मुलांना दिला जाई आणि तो आपोआप घरातही पोहोचे.

शिक्षणसाहित्याचेही तसेच. माँटेसरींची गुळगुळीत ठोकळ्यांची, मण्यांच्या माळांची महाग साधने दादरला परवडत होती. पाड्यावर ती आणणे अशक्य होते. आणता आली असती तरी एखादे साधन हरवले की शिक्षिकेचा जीव टांगणीला लागला असता. म्हणून बिया, गारगोट्या, शंखशिंपले, पाने, फुले, काटक्या हेच साहित्य झाले. मोजणे शिंपल्यांनी, आकार पानांवरून, रंग फुलांवरून. ही केवळ काटकसर नव्हती. मुलाला ज्या वस्तूंची नावे स्वतःच्या बोलीत ठाऊक आहेत, त्याच वस्तूंपासून त्याचे शिक्षण सुरू झाले. साधने बदलली आणि त्याबरोबर अभ्यासक्रमाचा आशयही बदलला.

मुलाच्या श्रमाची किंमत

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला ताराबाईंच्या कामातील एक गोष्ट विशेष थक्क करते. आम्ही वर्गात संधी-खर्च ही संकल्पना शिकवितो. एखादी गोष्ट निवडताना जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, ती त्या निवडीची खरी किंमत. शाळेची फी माफ केली म्हणजे शिक्षण मोफत झाले, असे शासन समजते. परंतु वारल्याच्या घरी आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून आई मजुरीला जाऊ शकते. दहा वर्षांचा मुलगा गुरे राखतो म्हणून घरात चार दाणे येतात. ही मुले शाळेत गेली तर त्या घराचे उत्पन्न घटते. कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारी ही फी गरिबाच्या शिक्षणातील सर्वांत जड फी असते.

ताराबाईंनी ही परिभाषा वापरली नाही. पण हा हिशेब त्यांनी अंगणात उभे राहून बरोबर मांडला. १९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून जवळच्या कोसबादच्या टेकडीवर नेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. तान्ह्या भावंडाला पाळणाघरात ठेवता आले, म्हणून थोरली बहीण शेजारच्या प्राथमिक वर्गात बसू शकली. प्राथमिक शाळेतील मुलींची गळती कशी थांबवावी, या प्रश्नाचे उत्तर प्राथमिक शाळेच्या आत नव्हते. ते पाळण्यात होते. हे मंत्रालयातील टेबलावरून दिसणे कठीण होते. रोज त्या मुलीला कडेवर मूल घेऊन दाराशी उभी पाहणाऱ्या शिक्षिकेलाच ते दिसले.

गुराखी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे कुरणात चरत आणि मुले मोकळीच असत. शिक्षक कुरणात गेले. झाडाखाली वर्ग भरला. गुरांवर नजर ठेवता ठेवता मुले अक्षरे आणि अंक शिकू लागली. निसर्गशास्त्राचे तर पुस्तकच भोवती उघडे होते. ठरलेले वेळापत्रक, घंटा, बाक, फळा यांपैकी बहुतेक गोष्टी शिक्षणाला आवश्यक नसतात, हे येथे प्रत्यक्ष सिद्ध झाले. आवश्यक असतो तो शिक्षक, आणि मुलाचा दिवस कसा जातो याचे त्या शिक्षकाला असलेले ज्ञान.

ताराबाईंच्या कामाचा क्रम नीट पाहिला पाहिजे. त्यांनी प्रथम मूल का येत नाही, का शिकत नाही, हे पाहिले. मग उपाय करून पाहिला. फसला तर बदलला. जमला तर त्याची नोंद केली आणि लिहिला. त्या लेखनावर नव्या शिक्षिका तयार केल्या. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. परंतु सभागृहात गेल्यावर त्यांना बालशिक्षण सुचले असे नव्हे, आधीची वीसहून अधिक वर्षे त्यांनी ते केलेले होते. आपल्याकडे प्रवास बहुधा उलट दिशेने होतो. धोरण आधी ठरते, त्याचे पुस्तक होते, मग प्रशिक्षण, आणि मूल सर्वांत शेवटी भेटते.

सरकारने काय घेतले, काय सोडले

ताराबाईंचे निधन ३१ ऑगस्ट १९७३ रोजी झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. पाड्यावरच्या एका अंगणात सुचलेली कल्पना देशभर पसरावी, यापरते शिक्षिकेचे यश कोणते? हे यश नाकारण्याचे कारण नाही. पोषण आणि लसीकरण यांच्या रूपाने या योजनेने कोट्यवधी मुलांचे हित केले आहे.

परंतु सरकारने अंगणवाडीचा सांगाडा घेतला आणि तिचा प्राण मागे ठेवला, असे खेदाने म्हणावे लागते. योजनेच्या सहा सेवांपैकी शालापूर्व शिक्षण ही एक. प्रत्यक्षात आहारवाटप, वजनांच्या नोंदी, सर्वेक्षणे आणि वह्यांचे, आता भ्रमणध्वनीवरचे, रकाने भरणे यांत सेविकेचा दिवस संपतो. अंगणवाडी म्हणजे अंगण पाहून शिक्षण ठरविण्याची मुभा, हा मूळ अर्थ होता. आज सेविका ठरवीत काही नाही, कळवीत मात्र पुष्कळ असते. प्राथमिक शिक्षकाची स्थिती याहून फार वेगळी नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ मध्ये त्या टप्प्याचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध झाला. खेळ, गोष्टी, गाणी, घरची भाषा आणि परिसरातील साहित्य यांवर त्यात भर आहे. ताराबाईंना यातील काहीच नवे वाटले नसते. त्यांनी कदाचित एवढेच विचारले असते की, हे सर्व करणाऱ्या शिक्षिकेला सकाळी वर्ग पाहून बेत बदलण्याची मोकळीक आहे काय? ती नसेल तर परिसरातील साहित्यसुद्धा परिपत्रकाने ठरविलेल्या यादीप्रमाणे गोळा केले जाईल, आणि समुद्रकाठच्या नियमाने डोंगरातील शिक्षिका शिंपले शोधीत बसेल.

त्यागाची मर्यादा

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ताराबाईंसारखी माणसे शतकातून एखादी. त्यांच्या मागे संघ होता, पत्रिका होती, अनुताईंसारखी सहकारी होती. दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत सांभाळणाऱ्या, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे अंगावर असलेल्या शिक्षकाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे नाही काय?

मी हा आक्षेप मान्य करतो. इतकेच नव्हे, तर आणखी पुढे जातो. थोर शिक्षकांच्या चरित्रांचा आपण एक गैरवापर करीत आलो आहो. त्यांचा त्याग दाखवून इतरांना कमी वेतनात अधिक काम करण्याचा उपदेश केला जातो. अंगणवाडी सेविकेला दशकानुदशके वेतन नव्हे तर मानधन दिले गेले; तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य होण्यास २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. त्यागावर एखादी संस्था उभी राहू शकते, देशाची शिक्षणव्यवस्था उभी राहू शकत नाही. म्हणून ताराबाईंच्या चरित्रातून त्याग हा बोध घ्यावयाचा नाही. त्यांना जी परिस्थिती स्वतःच्या हिमतीवर निर्माण करावी लागली, ती प्रत्येक शिक्षकाला व्यवस्थेने द्यावी, हा बोध घ्यावयाचा आहे.

ती परिस्थिती फार अवघड नाही. वर्षाच्या अभ्यासक्रमातील काही भाग कोणत्या क्रमाने व कोणत्या साधनांनी शिकवावयाचा, हे ठरविण्याचा लेखी अधिकार शिक्षकाला हवा. वर्षअखेर मूल काय शिकले एवढेच त्याच्याकडून मागावे. दुसरे, केंद्रातील शिक्षकांच्या बैठका परिपत्रके वाचून दाखविण्यासाठी न भरता, कोणी काय करून पाहिले आणि काय फसले हे सांगण्यासाठी भराव्यात. तिसरे, या अनुभवांची नोंद ठेवणारी साधी पत्रिका प्रत्येक जिल्ह्यात निघावी आणि अभ्यासक्रम समितीने बैठकीपूर्वी ती वाचावी. चौथे, या कामाचा वेळ कामाच्या तासांत धरावा. यातील कशासाठीही मोठा खर्च नाही. खर्च आहे तो अधिकाराचा. वरच्याने थोडा सोडावयाचा आणि खालच्याने जबाबदारीसह घ्यावयाचा. जबाबदारी हा शब्द शिक्षकांनीही विसरू नये. ताराबाईंनी स्वातंत्र्य घेतले, पण रोजच्या निरीक्षणाची आणि नोंदीची शिस्तही स्वतःवर लादून घेतली. वही कोरी ठेवून स्वातंत्र्य मागणाऱ्याची बाजू दुबळी असते.

त्या शिक्षिकेला मी अखेर पत्र लिहिले. दिवाळीपूर्वी वजन-मापे शिकविली हे योग्यच केले, असे कळविले. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भट्टीवरून परतलेल्या मुलांना त्यातील काय उपयोगी पडले, मुकादमाचा हिशेब किती जणांना तपासता आला, हे विचारून लिहून ठेवावे आणि शेजारच्या चार शाळांतील शिक्षकांना वाचावयास द्यावे, असे सुचविले. पुढच्या तपासणीत शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्यांपुढेही तीच वही ठेवावी. बोर्डीच्या अंगणातील कामाला तरी सुरुवातीला कोणाची लेखी परवानगी होती?